नवाचा ताळा

मुंजाजीच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं पेरातून वाकडी होती. जनावरांच्या दवाखान्यात हयात काढलेला माणूस. बघणाऱ्याला वाटायचं, बैलानं चेचली असतील. मुंजाजी तसंच वाटू द्यायचा. खरं तर ती बोटं व्यंकटराव गुरुजींनी मोडली होती, तिसरीच्या वर्गात, एका आकड्यापायी.

गुरुजी म्हणाले होते सदतीस. मुंजाजीनं पाटीवर लिहिलं त्र्याहत्तर. बोलताना आपण सात आधी म्हणतो आणि तीस मागून. लिहिताना मात्र तीन आधी येतो. कानाला जे आधी ऐकू आलं ते हातानं आधी लिहिलं, इतकाच त्याचा गुन्हा. मराठी शाळेतलं प्रत्येक लेकरू कधी ना कधी हे चुकतं आणि पुढं आपसूक सुधारतं. मुंजाजीला रुळानं सुधारलं. पहिल्या दिवशी पाच, दुसऱ्या दिवशी दहा, आणि तिसऱ्या दिवशी गुरुजींनी मोजलंच नाही. हात सुजून दुधीसारखा झाला, आणि उतरला तेव्हा दोन बोटं सरळ व्हायची विसरली होती.

त्याच आठवड्यात गुरुजींनी त्याला नवाचा ताळा शिकवला. संख्येतले आकडे मिळवायचे, आलेल्या बेरजेतले पुन्हा मिळवायचे, एकच आकडा उरेपर्यंत. गणिताच्या दोन्ही बाजूंचा उरलेला आकडा सारखा आला की ताळा जमला. मारणारा आणि शिकवणारा हात एकच असल्यामुळं मुंजाजीला पुढं जन्मभर या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवता आल्या नाहीत. मार पडायला लागला की तो डोळे मिटून एखादी लांबलचक संख्या धरायचा आणि ती फोडत बसायचा. दोननं, तीननं, सातनं. आतलं पोरगं संख्येत शिरून बसायचं आणि बाहेरचं मार खायचं.

दहावीनंतर तो पालम तालुक्यातल्या आंबेटाकळीच्या दवाखान्यात शिपाई म्हणून लागला. काम सगळं धरण्या-दाबण्याचं. गोऱ्हा खोड्यात घालायचा, मान अडकवायची, शेपूट पिळून धरायची, तोवर डॉक्टर चिमट्यानं त्याला खच्ची करायचे. तो एक कट्ट आवाज आणि नंतर जनावराच्या पोटातून येणारा हुंकार मुंजाजीला रोजच्या जेवणासारखा ओळखीचा झाला होता. गाभण गाईच्या पोटात वासरू मेलं तर ते कापून तुकड्या-तुकड्यानं काढताना कंदील तोच धरायचा. पुढं सरकारनं प्रत्येक जनावराच्या कानात पिवळा बिल्ला ठोकायचं काढलं. बिल्ल्यावर बारा आकडी नंबर. मुंजाजीच्या हातात मोठी पक्कड आली आणि त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच सुख आलं.

पक्कडीत बिल्ला बसवला की तो आधी नंबर वाचायचा. बारा आकडे, म्हणजे तीन-तीनचे चार गट. पहिला आणि तिसरा गट एकीकडं मिळवायचा, दुसरा आणि चौथा दुसरीकडं. दोन बेरजांमधला फरक सातनं तुटला तर आख्खी संख्या सातनं तुटते. अकराचं तसंच, तेराचंही तसंच. कारण सात, अकरा आणि तेरा यांचा गुणाकार एक हजार एक. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. एका पावसाळ्यात, दवाखान्याच्या ओसरीवर, रिकाम्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर गणितं करता करता त्याचं त्यालाच सापडलं होतं. दोन्ही बेरजा अगदी सारख्या आल्या तर ती संख्या तिघांनीही तुटायची. असा नंबर हजारात एखादाच. बावीस हजार बिल्ले ठोकले, त्यात तसे एकवीस निघाले.

काही नंबर मात्र कशानंच तुटायचे नाहीत. असा नंबर मूळ संख्या आहे की नाही ते ठरवायचं तर दहा लाखांच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायला हवं. एवढे भागाकार करायला माणसाचा जन्म पुरत नाही. तरी तो करायचा. घरी बायको, बायनाबाई, भाकरी वाढून ताटकळायची. ‘‘गाय मरून वरीस झालं,’’ ती म्हणायची, ‘‘अन् तुमी अजून तिच्या कानाशीच बसलाव.’’

खटका वाजला की कानातून रक्ताची बारीक चिळकांडी उडायची. डॉक्टर कानातला नंबर जोडी-जोडीनं मोठ्यानं वाचायचे आणि मुंजाजी तो मालकाच्या कार्डावर लिहायचा. लिहिताना वाकड्या बोटांच्या सांध्यात कळ यायची. सदतीस ऐकलं की तो क्षणभर थांबायचा आणि मग लिहायचा. बावीस हजार कार्डांत त्यानं एकदाही चूक केली नव्हती. निदान तसा त्याचा दावा होता. गावात वाद झाला की लोक त्यालाच बोलवायचे. मुंजाजीनं ताळा करून सांगितलं की विषय मिटायचा. हा मान त्याला बोटांपेक्षा जास्त जपावासा वाटायचा.

त्या गुरुवारी दवाखान्याशेजारच्या मैदानात बैलबाजार भरला होता. डॉक्टर लसीकरणाला दुसऱ्या गावी गेले होते. सकाळी दहाच्या सुमारास चंद्रभान पळत आला. गावातल्या मोठ्या बागायतदाराचा, भगवानरावाचा, हा पुतण्या. काकाचा लाल कंधारी गोऱ्हा तीन सालांमागं दावणीवरून चोरीला गेला होता. तो बाजारात आलाय, चोर सापडलाय, पक्कड-बिक्कड घेऊन चल, असं त्याचं म्हणणं. पक्कड मुंजाजीच्या पिशवीत होतीच.

पिकअपशेजारी एक तिशीतला माणूस लाल बैलाचा कासरा धरून उभा होता. नाव सिद्धोधन, गाव चारठाणा. त्याच्या जोडीतला एक बैल साप लागून मेला होता. उरलेल्याला शोभेल असा जोडीदार बघायला तो बैल सोबत घेऊनच आला होता. त्याची बहीण इकडंच दिली होती आणि इथं चांगली लाल जनावरं येतात असं तिनंच कळवलं होतं. हे सगळं त्यानं तीनदा सांगितलं. मग कुणीतरी आडनाव विचारलं. त्यानं सांगितलं, आणि मुंजाजीला दिसलं की भोवतीची माणसं अर्धं पाऊल पुढं सरकली.

भगवानरावाला स्वतःला खात्री नव्हती. गोऱ्हा गेला तेव्हा त्याची शिंगं बोटभर होती. हा पुरा वाढलेला बैल. लाल कंधारी सगळी लालच. त्यानं घरून कार्ड मागवलं आणि मुंजाजीच्या हातात दिलं.

‘‘तुझ्या हातचं कार्ड हाय,’’ तो म्हणाला. ‘‘तू म्हणशील ते.’’

लिंबाजी दलालानं बैलाचा कान पिरगाळून बिल्ला पुसला आणि मोठ्यानं वाचायला लागला. चौतीस. शून्य दोन. एक्क्याण्णव. मुंजाजीची नजर कार्डावरून जोडी-जोडीनं सरकत होती.

‘‘सदतीस,’’ लिंबाजी म्हणाला.

कार्डावर त्र्याहत्तर होतं, मुंजाजीच्याच वळणदार अक्षरात.

लिंबाजी पुढं वाचतच होता, सत्तावन्न, चौऱ्याऐंशी, तेही जुळलं. पण मुंजाजी त्या एका जोडीपाशी थिजला होता. त्याच्या मनात एकच गोष्ट आली. डॉक्टर त्या दिवशी सदतीस म्हणाले असतील आणि आपण त्र्याहत्तर लिहिलं असेल. तिसरीतल्यासारखं. पन्नासेक माणसं तोंडाकडं बघत होती. चूक कबूल केली तर बावीस हजार कार्डांवर संशय; उद्यापासून चहाच्या टपरीवर पोरंसोरं सदतीस-त्र्याहत्तर म्हणून दात काढणार. त्यानं कार्ड छातीशी धरलं आणि ओठ हलवत आकडे मिळवले. कार्डाचे त्रेपन्न, पाच नि तीन आठ. कानातले त्रेपन्न, पाच नि तीन आठ.

‘‘ताळा जमतोय,’’ तो म्हणाला. ‘‘नंबर एकच हाय.’’

सिद्धोधन म्हणाला, ‘‘साहेब, माझं कार्ड घरी हाय. फोन लावतो, घरची वाचून दाखवील.’’ त्यानं खिशात हात घातला. चंद्रभाननं त्या हातावरच पहिला फटका मारला. मोबाइल उडून शेणात पडला. दुसरा फटका जबड्यावर. हातात जोखडाची शिवळ होती, बैलाच्या मानेशी अडकवायचा बाभळीचा दांडका. दात तुटल्याचा आवाज मुंजाजीला स्पष्ट ऐकू आला. मग कोण कुठून मारतंय ते समजेनासं झालं. बैल हाकायच्या तुताऱ्या होत्या, त्यांना पुढं खिळे होते. सिद्धोधनच्या मांड्यांवर, पाठीवर लाल ठिपके उमटले आणि ठिपक्यांच्या रेघा झाल्या. तो खाली पडला तेव्हा लाथा सुरू झाल्या. कासरा सुटलेला बैल जागचा हलला नाही. मान खाली घालून आपल्या माणसाकडं बघत उभा राहिला. म्हणून बैलालाही दोन बसल्या.

कुणीतरी म्हणालं, खोड्यात घाला. कल्पना लोकांना आवडली. चौघांनी त्याला हातापायांना धरून दवाखान्यासमोर आणला, गुडघ्यावर बसवला आणि जिथं गोऱ्ह्याची मान अडकते तिथं त्याची मान अडकवून वरचा दांडा सोडला. डोळा एकच उघडत होता. तोंडातून लाळ आणि रक्ताची तार लोंबत होती. लोक हसत होते. बाजारातली ओळखीची माणसं, ज्यांच्या गाईंची अडलेली वासरं मुंजाजीनं ओढून काढली होती, ती.

मुंजाजी ओसरीच्या खांबाला टेकला. आणि सवयीनं, कुणी न सांगता, त्याचं मन एका लांब संख्येत शिरलं. हातात कार्ड होतं, म्हणून कार्डावरचीच. तीनशे चाळीस. दोनशे एक्क्याण्णव. सातशे पस्तीस. सातशे चौऱ्याऐंशी. पहिला आणि तिसरा, एक हजार पंचाहत्तर. दुसरा आणि चौथा, एक हजार पंचाहत्तर.

दोन्ही बेरजा सारख्या. तिघांनी तुटणारी संख्या.

मग त्याला सगळंच दिसलं. भगवानरावाच्या गोठ्यातली ती सकाळ. बिल्ला अजून पक्कडीतच, कानात गेलेला नाही. त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी नंबर वाचलेला आणि हरखून डॉक्टरांना म्हटलेलं, साहेब, हा हजारातला एक हाय. डॉक्टर हसले होते. म्हणजे बिल्ल्यावर त्र्याहत्तरच होतं. कार्ड बरोबर होतं. त्यानं बैलाचा नंबर मनात मांडला. मधे सदतीस घातले की तिसरा गट तीनशे पंच्याहत्तर होतो. बेरीज सातशे पंधरा. फरक तीनशे साठ. सातनं तुटत नाही, अकरानं नाही, तेरानं नाही. दुसरीच संख्या. दुसऱ्या पेटीतला बिल्ला, दुसऱ्या तालुक्यातला बैल.

आणि ताळा? आकड्यांची अदलाबदल केली तरी बेरीज तीच राहते. नवाच्या ताळ्याला जागा दिसत नाही, आकडेच दिसतात. गुरुजींनी हे रुळासोबतच सांगितलं होतं. ताळा चुकला तर गणित चुकलंच समज. जमला म्हणून बरोबर समजू नकोस. त्याला हे पाठ होतं. मघाशीही पाठ होतं.

‘‘पक्कड आण,’’ चंद्रभान त्याच्यासमोर उभा होता. ‘‘ह्याच्या बी कानात बिल्ला ठोकू. म्हंजी पुन्यांदा हरवला तर सापडंल.’’

हशा झाला. मुंजाजी म्हणाला, सोडा त्याला, बैल त्याचाच आहे, माझी चूक झाली. त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही. त्यानं पुन्हा सांगितलं. चंद्रभाननं पिशवीला हिसका दिला, पक्कड बाहेर काढली, एक पिवळा बिल्ला तिच्यात बसवला. हे त्याला येत होतं. सगळ्यांनी शंभरदा बघितलेलं काम. सिद्धोधननं मान वळवायचा प्रयत्न केला, पण खोडा मान वळवू देत नाही. तो तसाच बनवलेला असतो. पक्कडीचं तोंड कानाशी आलं.

मुंजाजीनं मधे हात घातला.

खटका वाजला. बिल्ला त्याच्या अंगठ्याशेजारच्या मांसातून आरपार गेला आणि पलीकडं कुलूप लागल्यासारखा बसला. पहिल्यांदा दुखलंच नाही. नुसतं गरम वाटलं, आणि मग मनगटावरून कोपरापर्यंत रक्त आलं. चंद्रभाननं भांबावून पक्कड ओढली, तसं मांसही ओढलं गेलं. मुंजाजी गुडघ्यावर आला आणि त्यानं आपलं अंग सिद्धोधनच्या मानेवर टाकलं. मागून दोन तुताऱ्या त्याच्या पाठीत बसल्या. एक बरगडीत.

‘‘आरं, सरकारी माणूस हाय,’’ लिंबाजी ओरडला. ‘‘केस हुईल.’’

थांबले ते या वाक्यानं. मुंजाजीला हे नंतर फार दिवस टोचत राहिलं. माणूस मरतोय म्हणून कुणी थांबलं नाही. खाकी शर्टावर रक्त आलं म्हणून थांबले. शांतता झाली तेव्हा तो खोड्याला धरून उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. कार्डावर काय, कानात काय, ताळा का जमला, आणि जमूनही तो पुरावा का नाही. लोकांना निम्मं समजलं नाही. शेवटचं समजलं.

‘‘मला फरक दिसला होता. मी लाजंपायी बोललो न्हाई.’’

भगवानराव कार्ड घेऊन निघून गेला. बाजार तासाभरात उठला.

सिद्धोधनला परभणीच्या दवाखान्यात नेलं. जबडा तारांनी बांधला; डाव्या डोळ्याबद्दल डॉक्टर काही सांगेनात. तो वाचणार होता, एवढं चौथ्या दिवशी कळलं. मुंजाजीच्या तळव्यातून बिल्ला कापून काढावा लागला. सात टाके.

त्या चौथ्या दिवशी संध्याकाळी भगवानराव मुंजाजीच्या घरी आला. बायनाबाईनं पाणी दिलं, ते त्यानं घेतलं. फिर्याद अनोळखी लोकांवर झालीय, त्यानं समजावून सांगितलं. त्या माणसाला इथलं कुणी ओळखू येत नाही आणि बाजारातला एकही जण तोंड उघडणार नाही. राहिला एकटा मुंजाजी. वर्षभरात तो निवृत्त होणार, याच गावात राहणार, लेकीचं लग्न व्हायचंय.

‘‘अन् एक सांगतो,’’ उठता उठता तो म्हणाला. ‘‘पोरांचे हात तुझ्या बोलण्यावर उठलेत. नावं घेतलीस तर तुझं बी येतंय.’’

मुंजाजी त्याला दारापर्यंत पोचवायला गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पिकअप ठरवला. लाल बैल पाच दिवस दवाखान्याच्या आवारात बांधलेला होता, नीट खात नव्हता. एका हातानं मुंजाजीला तो चढवता येईना. कुणी मदतीला आलं नाही. शेवटी ड्रायव्हरनं आणि बायनाबाईनं मिळून चढवला. बायनाबाई एवढंच म्हणाली की जे करायचं ते करून या, मग घर कुठं ठेवायचं ते बघू.

चारठाण्याला पोचायला दुपार झाली. जुन्या देवळांच्या मागं, बुद्धविहाराच्या अलीकडच्या गल्लीत घर होतं. सिद्धोधनची बायको रोहिणी दारात आली. ती आदल्या रात्रीच परभणीहून परतली होती, लेकरांसाठी. तिनं बैल बघितला, मग पट्टी बांधलेला हात बघितला, आणि हा कोण ते तिला कुणी सांगावं लागलं नाही. गल्लीतली माणसं जमली. ती आत गेली आणि कार्ड घेऊन आली, पण वाचलं नाही. त्याच्या पायाशी टाकलं.

‘‘नंबर इचारला तुमी,’’ ती म्हणाली. ‘‘माणसाला इचारायचं व्हतं की. तो सांगायलाच लागला व्हता.’’

मुंजाजी म्हणाला, ‘‘व्हय.’’

तिनं बैलाच्या गळ्यातला कासरा सोडवला, दुहेरी केला आणि त्याच्या मानेवर मारला. दुसऱ्यांदा गालावर. मुंजाजीनं डोळे मिटले नाहीत. मनात कुठली संख्याही धरली नाही; मार जिथं बसत होता तिथंच तो उभा होता. तिसऱ्यांदा तिनं हात उचलला आणि तसाच खाली आणला. धाप लागली होती तिला. कुणी मधे पडलं नाही.

मग ती उंबऱ्यावर बसली.

‘‘फिर्यादीत अनोळखी लिहिलंय,’’ ती म्हणाली. ‘‘ह्यांना तर धड बोलताबी येत न्हाई. तुमाला सगळे वळखीचे हायत.’’

‘‘हायत.’’

‘‘मंग?’’

मुंजाजीनं इकडं-तिकडं बघितलं. लिहायला काही आहे का, त्यानं विचारलं. माझा हात चालत नाही, तुम्ही लिहा, उद्या मी हाच कागद घेऊन तुमच्यासोबत ठाण्यात येतो आणि सही करतो. लेकीच्या दप्तरातली वही आली. रोहिणीनं ती गुडघ्यावर ठेवली.

पहिलं नाव त्यानं स्वतःचं सांगितलं, बापाच्या नावासकट, गावासकट. काय केलं तेही सांगितलं: खोटा ताळा दिला. रोहिणीनं मान वर केली, त्याच्याकडं बघितलं आणि लिहिलं. दुसरं चंद्रभानचं, शिवळ, पक्कड. तिसरा लिंबाजी, त्यानं आधी लाथा मारल्या, मग थांबवलं, दोन्ही लिहा. चौथा, पाचवा. ज्यांनी पाय धरले ते दोघे, ज्यांनी हात धरले ते दोघे. ज्यानं दांडा सोडला तो. कुणाच्या हातात काय होतं आणि ते कुठं बसलं. त्याला पाणी मागवेना, आणि कुणी दिलंही नाही.

पान भरलं. रोहिणीनं ते उलटलं आणि कोऱ्या पानावर तळवा फिरवला.

‘‘पुढं,’’ ती म्हणाली.